‘बोट लागणे’ : मालवण किनाऱ्यावरील आगबोटींचा प्रवास आणि त्याचे गुणावगुण

मराठीत ‘बोट लागली’ या दोन शब्दांच्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. ‘धक्क्याला बोट लागली’ म्हणजे ती धक्क्याशी येऊन टेकली; ‘उतारूला बोट लागली’ म्हणजे त्याच्या पोटात ढवळून येऊन तो आडवा झाला. दोन्ही ठिकाणी प्रत्यय एकच, क्रियापदही एकच. परंतु पहिले ‘लागणे’ हे टेकण्याचे, भिडण्याचे आहे, तर दुसरे भूक लागणे, तहान लागणे, झोप लागणे या कुळातील आहे. मालवण बंदराच्या बाबतीत या द्व्यर्थाला एक विशेष इतिहास आहे. मुंबईहून निघालेली आगबोट पहिल्या अर्थाने मालवणला कधीच लागत नसे. ती दूर खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्यावर येत. दुसऱ्या अर्थाने मात्र ती मालवणच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या लागत आली. सागरी प्रवासाचे लाभ कोणते व तोटे कोणते, या प्रश्नाची आजकाल विलासी पर्यटननौकांच्या निमित्ताने जी चर्चा होते, तिच्यात या किनाऱ्याचा अनुभव क्वचितच विचारात घेतला जातो. वस्तुतः या प्रश्नाचा निकाल कोकणच्या किनाऱ्याने सुमारे शंभर वर्षांच्या व्यवहारात पुष्कळसा लावून ठेवला आहे.

मालवणला बोट का लागत नसे, याचे उत्तर भूगोलात आहे. बंदराच्या तोंडाशी उघडे व बुडालेले खडक विखुरलेले आहेत. याच खडकांच्या आश्रयाने १६६४ साली शिवाजीमहाराजांनी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली. परक्या जहाजांना वाट सापडू नये हा जो गुण किल्ल्याच्या जागेत पाहिला गेला, तोच गुण दोन शतकांनंतर आगबोटीच्या कप्तानाला अवगुण वाटू लागला. इतिहासात एकाच खडकाची किंमत अशी दोनदा निरनिराळी ठरते. वेंगुर्ल्याची गोष्ट थोडी वेगळी होती. तेथे सतराव्या शतकात डचांची वखार होती, आणि इंग्रजी अमलात घाटावरील बेळगावच्या छावणीचा माल तेथे उतरून आंबोलीच्या मार्गाने वर चढे. १८८८ साली मुरगाव बंदराला लोहमार्ग येऊन मिळाला आणि बेळगावचा माल त्या वाटेने वळला. वेंगुर्ल्याचे व्यापारी महत्त्व येथून उतरणीस लागले. मागे राहिला तो मुख्यतः माणसांचा व्यापार, म्हणजे मुंबईला जाणारा चाकरमानी.

आगबोटींपूर्वी मुंबईस जाणे म्हणजे गलबताने जाणे. वारा अनुकूल असेल तर थोड्या दिवसांत, नसेल तर एखाद्या खाडीच्या तोंडाशी वाट पाहत पडून राहून, असा तो हिशेब असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेफर्ड कंपनीच्या आगबोटी या किनाऱ्यावर नियमित फिरू लागल्या. पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीने हा व्यवहार हाती घेतला. आगबोटीने आणलेला खरा बदल वेगाचा नव्हता, निश्चितीचा होता. अमुक वारी अमुक वेळी बोट येणार, हे आधी कळू लागले. गिरणीत पाळी चुकवून चालत नाही. ज्याला ठराविक दिवशी हजर व्हावयाचे आहे त्याला वाऱ्याच्या लहरीवर विसंबून राहणे परवडत नाही. मुंबईच्या कापडगिरण्या आणि कोकणच्या आगबोटी यांची वाढ बरोबरीने झाली हा केवळ योगायोग मानता येणार नाही. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, ज्यात मालवण व वेंगुर्ले हे तालुके १९८१ पर्यंत मोडत होते, गिरणगावाला मनुष्यबळाचा अखंड पुरवठा झाला तो या जलमार्गानेच.

येथे शब्दांची एक गंमत नोंदण्यासारखी आहे. ‘आगबोट’ हा शब्द अर्धा देशी व अर्धा इंग्रजी. परंतु बोटीवरचा शब्दसंग्रह पाहू गेल्यास त्यात इंग्रजीचा वाटा अल्प दिसतो. बंदर, लंगर, नाखवा हे फारसीतून आलेले, सारंगही तेथलाच, खलाशी अरबीतून आलेला. यंत्र विलायतेचे आले, पण ते चालविणारी माणसे आणि त्यांची भाषा जुन्या अरबी समुद्राची राहिली. आणि बोटीने जाणारा तो ‘उतारू’. हा शब्द विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. इंग्रजीत प्रवाशाची ओळख त्याच्या जाण्यावरून ठरते, मराठीने ती त्याच्या उतरण्यावरून ठरविली. कोठेतरी उतरावयाचे आहे म्हणून जो चढला तो उतारू. पुढे जे सांगावयाचे आहे त्याच्याशी या शब्दाचा निकट संबंध आहे.

या प्रवासाचे लाभ तर उघड होते. बोट स्वस्त होती आणि सामान सोसणारी होती. नारळ, कोकमे, आंब्याच्या करंड्या, अंथरूण, पत्र्याची पेटी, क्वचित कोंबड्यांचे खुराडेसुद्धा, असा प्रपंच घेऊन माणूस डेकवर आपली पथारी टाकू शके. दुसऱ्या मार्गाने जावयाचे तर बैलगाडीने घाट चढून कोल्हापूर किंवा बेळगाव गाठावे व तेथून आगगाडीने मोठा वळसा घालावा लागे. मुंबई-पणजी हा बोटीचा प्रवास पुढच्या काळात साधारण एक दिवस व एक रात्र इतका होता; सकाळी मुंबई सोडलेली बोट हर्णै, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड अशी बंदरे करीत रात्री उशिरा किंवा पहाटे मालवण-वेंगुर्ल्याच्या पाण्यात येई. सर्व बोटी सर्व बंदरे घेत असे मात्र नाही.

आणखी एक लाभ आकड्यांत मांडता येत नाही. डेकवर मालवणी, रत्नागिरीकडील बोली, गोव्याची कोंकणी, मुंबईची हिंदी आणि शाळेत शिकलेली प्रमाण मराठी या सर्व एका रात्रीपुरत्या शेजारी येत. ‘मुंबयक’ चाललेला मालवणचा तरुण मुंबईत पाऊल टाकण्यापूर्वीच मुंबईच्या बोलण्याचा पहिला धडा येथे घेई, आणि आठ-दहा वर्षांनी परतताना येथेच आपला टाकून दिलेला ‘-क’ प्रत्यय पुन्हा उचलून घेई. बोलींच्या सीमा नकाशावर रेघ ओढून दाखविल्या जातात. परंतु या किनाऱ्यापुरते बोलायचे तर त्या सीमा दरवर्षी ऑक्टोबर ते मे या काळात पाण्यावरून सरकत असत, असे म्हणावयास हरकत नाही.

सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न या प्रवासात कसा सुटला हेही पाहण्यासारखे आहे. किनारा डोळ्यांआड होत नसल्याने समुद्रोल्लंघनाचा दोष येथे फारसा उपस्थित झाला नाही. पण अन्नपाण्याचा झाला. कर्मठ माणसाने बरोबर कोरडा फराळ घ्यावा आणि जमेल तितके उपाशी राहावे. बोट लागण्याची ज्याला भीती असे तो तसाही उपाशीच राही, त्यामुळे आचार आणि आरोग्य यांचा येथे अनायासे मेळ बसे. बसावयाला जागा मात्र कोणाला जातीवार मिळत नसे. जो आधी चढला त्याची पथारी आधी पडली. या एका नियमाने डेकवर जे केले ते गावच्या पाणवठ्यावर व्हावयास पुष्कळ वर्षे लागली.

तोट्यांकडे वळताना प्रथम बोटीचा वर्ग पाहावा लागतो. डेकचा उतारू आणि केबिनमधील उतारू एकाच बोटीत असले तरी एकाच प्रवासात नव्हते. केबिनमध्ये बिछाना, हवा आणि खासगीपणा होता. खालच्या डेकवर यंत्राची उष्णता, तेलाचा व माशांचा वास, आणि बोट हेलकावू लागली की शेजाऱ्याच्या ओकारीचा संसर्ग. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांचे हाल विशेष होत. त्यानंतर उतरण्याचा प्रसंग. बोटीच्या अंगाला लावलेल्या शिडीखाली पडाव लाटेबरोबर पुरुष-दीड पुरुष वरखाली होत असे. पडाव वर येण्याच्या क्षणाला पाऊल टाकावयाचे, तो क्षण चुकला तर पाऊल पाण्यात. खलाशी माणसाला दंडाला धरून जवळजवळ फेकीतच. मुले हातोहात उतरविली जात. सामान नंतर येई आणि कित्येकदा ओले येई. पडावही थेट कोरड्या वाळूला टेके असे नाही. शेवटची काही पावले गुडघाभर पाण्यातून, किंवा म्हाताऱ्यांच्या बाबतीत खलाशाच्या पाठीवरून, पार पडत. बोटीच्या भाड्याखेरीज या पडावाचे दाम वेगळे. मुंबईच्या टोकाला ज्या भाऊ अजिंक्य यांच्या नावाने धक्का प्रसिद्ध झाला, त्यांच्यासारखा ‘भाऊ’ मालवणला निघाला नाही, हे या दृष्टीने मोठेच दुर्दैव होते.

परंतु याहून मोठा दोष ऋतूचा. मेअखेरीस बोटी बंद होत त्या पावसाळा सरल्यावर सुरू होत. चाकरमान्याच्या वर्षातील सर्वांत मोठा सण गणपतीचा. तो भाद्रपदात, म्हणजे समुद्र अजून पुरता शांत झालेला नसतानाच्या दिवसांत येतो. शिमगा आणि मे महिन्याची सुट्टी बोटीला सोयीची, गणपती गैरसोयीचा. ज्या वर्षी बोटी वेळेवर सुरू होत नसत त्या वर्षी लोक घाटावरून उतरत किंवा गणपतीविना मुंबईत राहत. घरात आजारी कोणी असेल आणि आषाढात पत्र आले तर ते वाचून स्वस्थ बसणे एवढेच हाती उरे. वर्षातील सुमारे चार महिने बंद असणाऱ्या मार्गावर एका संपूर्ण जिल्ह्याचे जीवन अवलंबून ठेवणे, ही व्यवस्था मुळातच अपुरी होती. हे सांगितल्याशिवाय आगबोटींच्या आठवणींचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल.

अपघातांचा विषय यानंतर येतो. स्वदेशीच्या वातावरणात निघालेली एक देशी कंपनी लोकांमध्ये ‘माझी आगबोट’ या नावाने ओळखली जाई. तिच्या बोटींची नावे संतांची होती: तुकाराम, रामदास, सेंट अँथनी, सेंट झेवियर. गोऱ्या कंपनीशी भाड्याची चढाओढ चालू असताना वारकरी आणि किरिस्ताव या दोन्ही उतारूंना आपलेसे करणारी ही नामयोजना मोठी चतुर होती. भाडे खाली येण्याचा लाभ उतारूला झालाच. पण भाडे उतरले की गर्दी वाढते आणि गर्दीत नफा शोधावा लागतो, हा चढाओढीचा दुसरा परिणामही टळला नाही. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन्ही बोटी वादळात सापडून एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्याला एक महिना उरला असताना, ‘रामदास’ भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि काशाच्या खडकाजवळ लाटांच्या माऱ्यात कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र नव्हते. त्यामुळे मुंबईपासून अवघ्या काही मैलांवर घडलेली ही वार्ता मुंबईला कित्येक तास कळली नाही. ती पोहोचविली वाचलेल्या माणसांनीच.

‘रामदास’ मालवणच्या मार्गावरची नव्हती, हे खरे. परंतु मालवणच्या घराघरात तिचे नाव निघाले ते आपली बोटही तशीच आहे या जाणिवेने. या अपघातातून निघणारा निष्कर्ष समुद्राविषयी नसून व्यवस्थेविषयी आहे. पावसाळ्यात बोट सोडणे, उतारूंना मर्यादा नसणे, संदेशाचे साधन नसणे, या तिन्ही गोष्टी माणसांच्या हातातल्या होत्या. लाट तेवढी समुद्राची होती.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘चंद्रावती’, ‘रोहिणी’ ही नावे किनाऱ्यावर घरच्या माणसांसारखी रुळली. पुढे १९६० च्या दशकात चौगुले यांच्या ‘कोकण सेवक’ व ‘कोकण शक्ती’ आल्या. या बोटी अधिक मोठ्या, अधिक सुरक्षित होत्या. पण तोवर मुंबई-गोवा रस्ता सुधारत होता आणि एस.टी. दारापर्यंत येऊ लागली होती. एस.टी.ला पडाव लागत नाही आणि ती आषाढातही चालते. बोटीचा पराभव वेगाने झाला नाही, या दोन गोष्टींनी झाला. १९८० च्या दशकाअखेर नियमित बोटसेवा संपुष्टात आली. १९९० च्या दशकात दमानियांची कॅटामरान मुंबईहून पणजीला सात-आठ तासांत नेऊ लागली. ती सोयीची होती, महाग होती आणि थोडी वर्षेच टिकली. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा या प्रश्नाचा निकाल लागला असे सर्वांना वाटले. मात्र रेल्वेचे रूळ किनाऱ्याने गेले नाहीत. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी यांना स्थानके मिळाली. देवगड, मालवण आणि वेंगुर्ले, म्हणजे आगबोटीच्या काळातील तीनही दरवाजे, रेल्वेच्या नकाशावर उमटलेच नाहीत. जी गावे जगाला सर्वांत जवळ होती ती एका पिढीत रस्त्याच्या शेवटाला जाऊन बसली.

अशा स्थितीत २०१८ साली ‘आंग्रिया’ ही पर्यटननौका मुंबई-गोवा मार्गावर आली. तिच्या नावाची कथा भाषेच्या अभ्यासकाने सोडू नये अशी आहे. विजयदुर्गासमोर किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून अधिक अंतरावर समुद्रात प्रवाळांचा एक बुडालेला उंचवटा आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून इंग्रजांच्या नकाशात तो ‘आंग्रिया’ असा चढला. मराठी आडनाव इंग्रज दर्यावर्दीच्या तोंडून विरूप होऊन नकाशात गेले आणि तेच विरूप रूप तीनशे वर्षांनी मराठी माणसांच्या बोटीवर अभिमानाने परत आले. नौकेवर वातानुकूलित खोल्या, पोहण्याचा तलाव, उपाहारगृहे अशी सर्व सिद्धता होती. दुपारी मुंबई सोडावी व सकाळी गोव्यात उतरावे, असा तिचा क्रम. २०२० साली महामारीत तिच्या फेऱ्या थांबल्या. २०२१ पासून ‘कॉर्डेलिया’ची सुमारे ४८ हजार टनांची प्रचंड नौका मुंबईहून याच समुद्रात फिरू लागली.

या प्रवासाचे लाभ नाकारण्याचे कारण नाही. जुन्या डेकवर ज्याने रात्र काढली आहे त्याला विचारले तर स्वच्छ बिछाना, डॉक्टर, रडार व जीवरक्षक नौका यांची थट्टा तो करणार नाही. वृद्ध व अपंग माणसाला सामान न उचलता समुद्र पाहता येतो, हाही लाभ लहान नव्हे. ‘रामदास’च्या उतारूंना जे मिळाले नाही ते येथे नियमाने मिळते. केबिनचे सुख सर्व बोटीवर पसरले आणि डेक नाहीसा झाला, असे या बदलाचे वर्णन करता येईल. पण डेक नाहीसा झाला याचा अर्थ डेकचा माणूस केबिनमध्ये गेला असा नव्हे. तो एस.टी.त किंवा रेल्वेच्या जनरल डब्यात आहे.

तोटे दोन प्रकारचे आहेत. एक समुद्राचा. आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे चालत्या जहाजाने प्रक्रिया न केलेले सांडपाणीही मर्यादित प्रमाणात सोडण्यास मुभा आहे. आंग्रियाचे प्रवाळ या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. नियमांचे छत्र तेवढ्यावरच. हजारो माणसांची एक तरंगती वसाहत रोज जे मागे सोडते त्याचा हिशेब या छत्राबाहेर कोण ठेवतो, हा प्रश्न मालवणच्या मच्छीमाराने विचारला तर तो गैरलागू ठरणार नाही. जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण २०२० पासून अर्ध्या टक्क्यावर आणले गेले, ही सुधारणा मात्र मान्य केली पाहिजे.

दुसरा तोटा किनाऱ्याचा आहे, आणि तो अधिक खोल आहे. जुनी बोट वाईट होती, पण ती थांबत होती. तिच्या थांबण्यावर पडाववाले, हमाल, गाडीवान, खानावळी, वखारी यांची पोटे होती. बोटीचा भोंगा झाला की बंदरावर दिवे हालू लागत. विलासी नौका विजयदुर्ग, मालवण, निवतीचे दीपगृह यांच्यासमोरून रात्री जाते आणि कोठेही नांगर टाकीत नाही. तिच्या दृष्टीने हा किनारा म्हणजे दिव्यांची रांग. तिच्यावरील माणूस ज्या अर्थाने ‘उतारू’ नाही तो अर्थ येथे स्पष्ट होतो: त्याला कोठे उतरावयाचे नसते, कारण बोट हेच त्याचे गाव असते. भूमध्य समुद्रावरील किंवा कॅरिबियन बेटांवरील बंदरांची तक्रार अशी की पर्यटननौकांतून एकाच वेळी अतोनात माणसे उतरतात. मालवणची तक्रार नेमकी उलट आहे. येथे कोणीच उतरत नाही.

म्हणून बोट पुन्हा सुरू करावी अशी मागणी जेव्हा सिंधुदुर्ग जिल्ह्यात अधूनमधून उठते, तेव्हा कोणती बोट हे आधी ठरविणे आवश्यक असते. सुरक्षित आणि थांबणारी बोट या किनाऱ्याने अजून पाहिलेली नाही. आजवर त्याच्या वाट्याला थांबणारी पण असुरक्षित, किंवा सुरक्षित पण न थांबणारी, अशीच आली. थांबणाऱ्या बोटीला धक्का हवा, धक्क्याला खोल पाणी हवे, खोल पाण्यासाठी खडकांशी किंवा वाळूशी झगडावे लागेल, आणि त्या झगड्यात अभयारण्याचे काय होईल हा प्रश्न पुन्हा उभा राहील. शिवकालीन खडकांचे मोल तिसऱ्यांदा ठरविण्याची ही वेळ आहे.

दरम्यान भाषेने आपली सोय करून घेतली आहे. ज्यांनी आगबोट कधी पाहिली नाही अशी मालवणची मुले फोंड्याच्या किंवा आंबोलीच्या घाटात खिडकीशी बसून ‘मला गाडी लागते’ असे सांगतात; लागण्याचा दुसरा अर्थ समुद्रावरचा डोंगरावरही कायम आहे. पहिल्या अर्थाने मालवणच्या धक्क्याला आज लागतात त्या सिंधुदुर्ग किल्ल्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या लहान होड्या. त्या दिवसातून अनेक फेऱ्या करतात, आणि पावसाळ्यात त्याही बंद असतात.